पारडीच्या वाट्याचा चीक

चैत्र निम्मा सरला की आमच्या दुकानातलं दूध आटायला लागतं. गिऱ्हाईक दुप्पट आणि दूध निम्मं, असा हा उलटा हंगाम. आमचं दुकान धुळ्यात आहे. एका अंगाला दूध, दही, लस्सी, ते माझं राज्य. दुसऱ्या अंगाला मोसंबी, अननस, ऊस, ते आमच्या ह्यांचं. सकाळी नऊलाच शटरला हात लावला तर चटका बसतो. साक्री-पिंपळनेरच्या बाजूची गावं फिरून रशीदभाईंची पिकअप येते, तेव्हा बरण्यांवरची ओली गोणपाटं वाटेतच कोरडीठाक झालेली असतात. मग झाकण उघडायच्या आधी मी देवाचं नाव घेते. एखादी बरणी नासलेली निघतेच. त्यात लग्नाच्या तिथी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गावातलं दूध गावातच मांडवात जातं आणि म्हशी बिचाऱ्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत धापा टाकत उभ्या असतात. त्यांनी दूध द्यायचं तरी कुठून?

मोसंबीचीही तीच गत. वरून पिवळीजर्द आणि कापली की आत भुसा. आमचे हे दोन दोन मोसंब्या पिळतात, ग्लास अर्धाच भरतो, आणि मग असा चेहरा करून माझ्याकडे बघतात की जणू मीच त्यातला रस पिऊन टाकला.

पण मालाची टंचाई परवडली असं वाटावं, असं एक नवंच प्रकरण गेल्या काही वर्षांत आलंय. तब्येत! पूर्वी माणूस यायचा, लस्सी प्यायचा, मिशा पुसायचा आणि जायचा. आता आधी चौकशी. साखर घालता का? दूध कोणत्या गाईचं? ए-टू का? परवा एका बाईंनी ओटचं दूध मागितलं. मी म्हटलं, "बाई, ते दूध नव्हे, ती पेज." रागावून गेल्या. एक जण तर उसाच्या चरकापाशी उभा राहून आमच्या ह्यांना म्हणाला, "एक ऊस द्या, शुगर-फ्री." ह्यांनी चरकाकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लस्सीच्या माठात तोंड घालून हसले. माणसं दुधाला भितात, साखरेला भितात, बर्फाला भितात, आणि त्याच उन्हात डोक्यावर टोपी न घालता हिंडतात. मी तोंडात बोट घालायचं बाकी ठेवलं होतं. ते त्या उन्हाळ्यात घातलं.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. आज ऊन तसंच पडलंय, समोरच्या निंबाचा मोहोर तसाच दुकानाच्या पायरीवर झडलाय. तो झाडूने लोटताना मला अजूनही तेच आठवतं.

आधी चिकाचं सांगते. म्हैस किंवा गाय व्याली की पहिले तीन-चार दिवस येतं ते घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गूळ-वेलची घालून तो वाफवला की खरवस होतो, एवढं शहरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण आमच्या गल्लीत, म्हणजे माझ्या माहेरी, त्याचे कायदे होते. पहिला हक्क वासराचा. चार सडांपैकी दोन त्याचे, त्याला कुणी हात लावायचा नाही. उरलेल्या दोन सडांचा चीक थोडा देवापुढे आणि बाकी आजूबाजूच्या घरी, वाटीवाटीने. तो विकायचा नाही. वाटीही रिकामी परत जायची नाही, तिच्यात चिमूटभर बाजरी नाहीतर गुळाचा खडा टाकायचा. आणि चीक मागायला कुणी जात नसे, तो आपणहून यायचा. एखादं माणूस मागायला आलंच, तर त्याच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय असं समजायचं. मग भांडं भरून द्यायचं आणि कोण आजारी म्हणून विचारायचं नाही. विचारलं तर दुखणं वाढतं म्हणायचे. मला हे सगळं ठाऊक होतं हो. त्या गल्लीतच मी वाढले. म्हणूनच तर माझा मलाच संताप येतो.

द्वारकाअक्का आमच्या माहेरच्या घराला लागून राहते. नात्याची नाही, पण माझी वेणी घालून मला शाळेत पाठवणारी तीच. नवरा लवकर गेला, पोरं सुरतेला. घरी ती आणि दोन म्हशी. आमचं दुकान सुरू झालं तेव्हा पहिली बरणी तिची आली आणि अजून येते. तिची म्हैस व्याली की दुधाच्या बरणीला सुतळीने बांधलेला एक छोटा झाकणाचा डबा यायचा. त्यात चीक. माझं लग्न झालं तेव्हापासून एकदाही चुकला नाही. मी खरवस करायची, शेजारी द्यायची, आणि डब्यात गूळ घालून रशीदभाईंच्या हाती परत पाठवायची.

त्या वर्षी तिची थोरली म्हैस चैत्रात व्यायची होती. म्हैस म्हातारी झालेली. आधीच्या दोन वेतांना रेडेच झाले होते. अक्काला पारडी, म्हणजे मादी रेडकू, हवी होती. फोनवर तेवढंच बोलायची, "हाई म्हातारी व्हई गयी वं मंगल. हिना जागावर पारडी पाहिजे. मंग माले काय चिंता नही." नवी म्हैस विकत घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पारडी झाली, जगली, वाढली, तर तीन-चार वर्षांनी गोठा पुन्हा भरणार होता. नाहीतर एका म्हशीवर आली असती.

आणि त्याच सुमाराला इकडे मोरेसरांना चिकाचं वेड लागलं. मोरेसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, रोज पहाटे मैदानावर दहा-बारा जणांना घेऊन चालणारे. माणूस सज्जन. मध्यंतरी छातीत दुखून दवाखान्यात राहून आले, तेव्हापासून घाबरलेले. त्यांनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं. एके दिवशी काउंटरवर झुकून हळूच मला म्हणाले, "ताई, परदेशात डबाबंद पावडर मिळते. चिकाची. इम्युनिटीला त्याच्यासारखं काही नाही. रोज सकाळी दोन चमचे, कच्चा."

"कच्चा?" मी किंचाळलेच. "सर, चीक कच्चा पितात का कुणी?"

"आता सगळं जग पितं," सर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबरचे तिघे विचारायला आले. मग जिमवाली पोरं. मग एक बाई, मुलाच्या परीक्षेसाठी. उन्हाळ्यात म्हशी व्यातात किती? आमच्या भागात बहुतेक वेतं पावसाळ्यानंतरची. धुळ्यात कुणाकडेच चीक नव्हता, म्हणून तर त्याची चर्चा जास्त. आणि मी, दूधवाली मंगल, सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले, "थांबा थोडं. आमच्या अक्काची म्हैस व्यायला झालीय." नाही कशाला म्हणायचं? रोज दूध कमी पडतं म्हणून गिऱ्हाइकाची बोलणी खात होते. एकदा तरी माझ्याकडे असं काही असणार होतं, जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्याची मला चढली होती, दुसरं काय!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले असतील. पहाटे फोन वाजला.

"मंगल! म्हैस व्यायनी वं! पारडी शे, पारडी!" अक्का रडत होती की हसत होती, कळेना.

मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "अक्का, चीक जितला निंघी तितला धाड. भलती गरज शे."

निघेल तेवढा सगळा पाठव, फार गरज आहे. एवढं बोलले मी. माहेरच्या बोलीत, माहेरच्या माणसाला.

मग ती म्हणाली, "बरं माय. धाडस." पाठवते, एवढंच; का, कुणासाठी, काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही की ती विचारत का नाही.

तीन दिवस चीक आला. छोट्या डब्यात नव्हे, बरणीत. रशीदभाई बरणी उतरवताना म्हणाले, "भाभी, अक्काने हे वेगळं ठेवायला सांगितलंय. हलवू नको म्हणाली." घट्ट, केशरी झाक असलेला, पहिल्या धारेचा. मी तो लहान बाटल्यांत भरला आणि विकला. हो, विकला. मोरेसर काउंटरशीच उभे राहून प्यायले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. जिमचा एक पोरगा म्हणाला, "काकू, चव बेक्कार आहे, पण पॉवर आहे." तीन दिवस आमच्या दुकानापुढे सकाळी रांग होती. आमचे हे मोसंबी सोलता सोलता म्हणाले, "एवढा चीक येतोय, तर पारडी काय पिते?" मी म्हटलं, "अक्काला कळतं. म्हशी पाळण्यात जन्म गेला तिचा. तुम्ही तुमची मोसंबी बघा." त्यांनी मान खाली घातली आणि मोसंबी बघितली.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. झाडाला झोके, घरात आमरस नि मांडे, आणि चार दिवस कुणी काम सांगत नाही. मी ह्यांच्यावर दुकान सोपवून एस्टीने निघाले. साक्री सोडली की डोंगर दिसायला लागतात आणि वारा गरम असला तरी वेगळा लागतो. माझ्या पिशवीत पारडीच्या गळ्यात बांधायला एक घुंगरू होतं. बाजारात दिसलं, घेतलं. घरी चहासुद्धा न घेता मी आधी अक्काच्या गोठ्यात गेले.

पारडी गोणपाटावर आडवी पडली होती. मान टाकलेली, डोळे आत गेलेले, मागचा भाग घाण झालेला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. ढोरांचे डॉक्टर शेजारी उकिडवे बसून तिला सलाईन लावत होते. अक्का पदराने माश्या हाकत होती. मी दारातच थांबले. मला वाटलं, हे दुसरंच कुठलं तरी वासरू असणार.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "आजी, व्याल्याबरोबर चीक पोटभर पाजला होता ना?"

"थोडासा," अक्का म्हणाली.

"थोडासा का? म्हशीला नव्हता?"

"व्हता. चारी सड भरेल व्हतात." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो! रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, माझा हात धरून मला अंगणात घेऊन गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "फोनवर इचारं नही, म्हनीसन आते इचारस. कोन व्हतं आजारी? जावई? आते बरं शे ना?"

एका क्षणात सगळं लखलखीत दिसलं. मी चीक मागितला होता. चीक मागतं ते घर दुखण्याचं असतं. आणि दुखण्याच्या घराला नाही म्हणायचं नसतं. तिने चारही सड पिळले होते. पारडीच्या वाटचे दोनही. पारडीला धाकट्या म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजलं होतं, कारण तिच्या मंगलच्या घरी कुणीतरी मरणाच्या दारात होतं. आणि माझ्या घरी कोण होतं? मोरेसर, दोन चमचे, सकाळी उपाशीपोटी.

"बरं आहे आता," मी म्हटलं.

एवढंच. खरं बोलायला तोंड होतं, जीभ होती, समोर अक्का होती. पण बोलले ते हे. तिने सुस्कारा सोडला, आभाळाकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "मंग व्हयनं. मानूस वाचना, बस." माणूस वाचला, तिला तेवढं पुरे होतं.

पारडी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. निंबाखाली पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, तेव्हाच. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तोंडात चमच्याने मीठ-साखरेचं पाणी सोडत होते आणि ते बाहेरच ओघळत होतं. किती हलकी होती ती. अक्का रडली नाही. म्हैस हंबरायला लागली आणि थांबेचना. संध्याकाळी तिने पान्हा चोरला. मग गल्लीतल्या म्हाताऱ्याने पारडीचं कातडं काढून त्यात पेंढा भरला आणि ते म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने ते चाटलं, पुन्हा पुन्हा चाटलं, आणि दूध सोडलं. असं करतात हे मी लहानपणी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. मी गोठ्याबाहेर जाऊन भडाभडा ओकले. घुंगरू पिशवीतच राहिलं.

ते दूध दुसऱ्या दिवशी रशीदभाईंच्या पिकअपमधून धुळ्याला गेलं आणि आमच्या ह्यांनी त्याची लस्सी केली.

मी परत आले तेव्हा वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. सकाळी मोरेसर आले. मला वाटलं, आता चीक मागतील. मागितला तर काय बोलायचं ते मी एस्टीत बसून ठरवून आले होते, आणि ते चांगलं नव्हतं. पण सर म्हणाले, "ताई, शेवग्याच्या पाल्याचा रस ठेवता का? आता त्याचं फार आलंय." मी विचारलं, "आणि चीक?" ते म्हणाले, "छे! काही फरक पडला नाही. शिवाय पोट बिघडलं." भांडायचं तर कुणाशी? त्यांनी मागितलं, पण त्यांना आमच्या गल्लीचे कायदे कुठे ठाऊक होते? ज्या बाईला ठाऊक होते, ती काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होती.

त्यानंतरची आखाजी मी चुकवली. दुकान आहे, गुडघा दुखतो, लग्नं आहेत, कारणं काय, हवी तेवढी मिळतात. मधल्या दिवाळीत धाकटी म्हैस व्याली, तेव्हाही सुतळीने बांधलेला छोटा डबा आला. माझ्याच्याने तो खाववेना. खरवस करून सगळा गल्लीत वाटला आणि डबा गुळाने काठोकाठ भरून पाठवला. जसं काही गुळाने ते भरून निघणार होतं!

आणि आता हा उन्हाळा. थोरली म्हैस पुन्हा व्यायला झालेली, बहुधा शेवटचं वेत. आखाजीच्या आदल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही, आमचे हे पंख्याखाली डुलकी घेत होते.

"मंगल, यंदा धाडू का चीक जास्ती? तुना त्या मानूसले लागी का?"

दोन वर्षं मी हा प्रश्न चुकवत होते, आणि तो इतक्या साध्या आवाजात आला.

"अक्का," मी म्हटलं, "माझ्या घरी कोणीच आजारी नव्हतं. तेव्हाही नव्हतं. मी तो चीक विकला."

पलीकडे म्हशीची साखळी वाजली. मी वाट बघत होते. शिव्या दे, म्हणत होते मनात. गल्लीतल्या बायका देतात तशा कडकडून दे. माझ्या दुकानाला आग लागो म्हण.

"कोनीच आजारी नव्हतं?" तिने शेवटी विचारलं.

"नव्हतं."

"हाई ते चांगलंच शे वं," अक्का म्हणाली. "मी दोन वरीस त्या मानूससाठे रोज दिवा लावस."

आणि तिने फोन ठेवला.

मंगळवारी रशीदभाईंनी बरण्या उतरवता उतरवता सांगितलं, "भाभी, अक्काची म्हैस रात्री व्याली. रेडकू झालं." अक्काची बरणी नेहमीसारखी आली होती, धाकट्या म्हशीच्या दुधाची, काठोकाठ, स्वच्छ फडकं बांधलेली. मी बरणीच्या कानाला हात लावून पाहिला. सुतळी नव्हती. मग मी पिकअपमध्ये चढले, गोणपाटं बाजूला केली, सगळ्या गावांच्या बरण्यांमधून हात फिरवला. "काय शोधताय भाभी?" रशीदभाई म्हणाले. काही नाही म्हटलं. बुधवारी पाहिलं, गुरुवारीही पाहिलं. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच अक्काची म्हैस व्याली आणि आमच्याकडे चीक आला नाही.